शांतकाळाचा पुरावा

निवृत्ती सर नांदेडच्या एका बी.एड. कॉलेजात भाषा कशी शिकवावी हे शिकवायचे. स्वतःची इंग्रजी त्यांनी मुदखेडच्या शाळेत भाषांतरं घोकून आणि छड्या खाऊन कमावली होती. त्या जुन्या पद्धतीला ते आता वर्गात यथेच्छ शिव्या घालायचे. शिव्या मात्र मराठीतच असायच्या, कारण इंग्रजीत त्या शिकवल्या नव्हत्या.

तर या सरांनी नवी पद्धत लावली, ती थेट आपल्या पोरीवर. एक माणूस, एक भाषा! बायको महामाया रेल्वेच्या ऑफिसात कामाला होती. तिनं तनुजाशी मराठीत बोलायचं, बापानं फक्त इंग्रजीत. कल्पना झकास होती. अडचण एवढीच, की सरांची इंग्रजी व्याख्यानाची. अध्यापनशास्त्रावर ते तासभर बोलायचे, पण गुदगुल्या करताना काय म्हणायचं, रुसलेल्या लेकीला कसं मनवायचं, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं. मग ते म्हणायचे, "वॉश युअर हँड्स." तिनं हात धुतले की "व्हेरी गुड." झालं, बापलेकीच्या गप्पा संपल्या.

हळूहळू तनुजा त्यांच्याशी बोलेनाशीच झाली. दुसरा एखादा बाप पोरीला घेऊन डॉक्टरकडं धावला असता. सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"शांतकाळ!" ते महामायाला म्हणाले. "दुसरी भाषा शिकताना लेकरू आधी नुसतं ऐकतं. आत साठवतं. एक दिवस असं फाडफाड सुरू होईल, बघत राहशील."

"माझ्यासंगं तर तिचं तोंड बंद होत न्हाई," महामाया म्हणाली. "रुसली असंल तुमच्यावर. जरा मराठीत बोला की हो."

"म्हणजे केल्या कामावर पाणीच की!"

मग काय विचारता, घरी येईल त्याला सर कौतुकानं सांगायचे, "बघा, एक शब्द काढत नाही. मला फार समाधान आहे!" तनुजा तिथंच खेळत असायची. पाहुणे चहा पीत मान डोलवायचे.

स्वयंपाकघरात मात्र मायलेकींचं खिदळणं चालायचं, आणि सर आत गेले की बंद पडायचं. एकदा ते दाराआड थांबले. पोर शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, अगदी हुबेहूब. आत जावं, तिला उचलून घ्यावं, 'काय गं चाबरे' म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. जीव नुसता तुटला. पण पुढच्या आठवड्यात लातूरला चर्चासत्र होतं, आणि शास्त्रासाठी माणसानं थोडंफार सोसलंच पाहिजे.

लातूरला ते तनुजाला जिवंत पुरावा म्हणून घेऊन गेले. महामायानं रजा टाकली. मंचावर सरांनी पोरीला इंग्रजीत प्रश्न विचारले. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष म्हणाले, सिद्धांत इतका स्पष्ट आपण कधी पाहिला नव्हता. इंग्रजीत न बोलणारी पोरं गावोगावच्या शाळांत ढिगानं बसलेली असतात, पण त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. त्यांचे बाप चर्चासत्रात शोधनिबंध वाचत नाहीत ना!

जेवणाच्या वेळी मंजुश्री मॅडम म्हणून एक निवृत्त शिक्षिका मायलेकींच्या शेजारी ताट घेऊन बसल्या.

"काय गं बाय, जिलबी आवडली का?"

"हाव. पण लई बारकी हाय," तनुजा म्हणाली, आणि मग तिची गाडी जी सुटली ती थांबेना. सर सन्मानचिन्ह घेऊन मागं येऊन उभे राहिले, ते कुणाला कळलंच नाही.

"मग पप्पांशी का गं बोलत न्हाईस?" मॅडमनी विचारलं.

"पप्पाला मी गप बसलेलं लई आवडतं," तनुजा म्हणाली. "सगळ्यांना सांगतेत ते. मला बोलू वाटतंय, पण मी दाबून धरते."

सर तिच्यासमोर मटकन खालीच बसले. सन्मानचिन्ह कुठं ठेवलं याची त्यांना शुद्ध राहिली नाही.

"न्हाई गं माय," ते म्हणाले. "मला न्हाई आवडत गप बसलेलं. बोल की. काहीबी बोल माझ्यासंगं."

तनुजानं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग आईच्या कानाशी लागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

"आई, टाळ्या झाल्या ना आता? बोलू का?"