पुढचा पाय

स्क्रू पितळेचाच. नखाने हिरवट कळंक खरवडला तसा खालून पिवळा चमकला. शेजारचाही पितळेचा. थराथरांचं लाकूड, एक थर काळपट, एक फिका. खालच्या अंगाला मधोमध उथळ पन्हळ, शेपटाशी पात्याची खाच, कडेने विटकरी पट्टी — हीच, अगदी अशीच होती दादाची स्की, ह्याच कारखान्यातली — हळू, बाई, हळू. आधी श्वास घे.

“ताई, लाकूड आहे ते, बाळ नव्हे,” बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला. “जोरात धरलंत तरी रडणार नाही.”

शेडच्या कोपऱ्यात, जुन्या ताडपत्रीखाली त्याला ती सापडली होती. असलं काही सापडलं की तो हिलाच फोन करायचा, कारण पाण्यावर बोटीमागे घसरत जायच्या ह्या जुन्या फळ्यांसाठी जीव टाकणारं दुसरं येडं त्याला माहीत नव्हतं. त्यातही हिला साधी जोडी चालत नाही. हिला हवी स्लालमची एकटी स्की — एकाच फळीवर दोन्ही पाय, एक पुढे, एक मागे, आणि पाण्यात तरंगणाऱ्या लाल गोळ्यांना वळसे घालत असं तिरकं जायचं की खांदा पाण्याला टेकतो की काय! नवरा म्हणतो, घर आहे की गोदाम. म्हणू दे.

तिने स्की फिरवली. पुढचा पाय अडकवायच्या रबरावर फुंकर मारली, धूळ उडाली, अंगठ्याची बाजू दिसली... डावा. पुढचं रबर डाव्या पायाचं होतं.

दादाचा उजवा पाय पुढे. ह्यात तिळमात्र शंका नाही. रबर कुणी नंतर बदललं असेल म्हणून तिने लाकडावर हात फिरवून स्क्रूंची बुजवलेली जुनी भोकं शोधली, एकही नाही. म्हणजे ही पहिल्यापासून डाव्या पायाच्याच माणसाची. कारखाना तोच, माणूस दुसरा. इतका राग आला तिला, त्या अनोळखी डाव्या पायाचा!

“नको,” ती म्हणाली.

“नको? अहो, आत्ता तर कवटाळून उभ्या होतात.”

“ही नव्हे ती.”

कामावर जाताना सगळा रस्ता ती स्वतःशीच बडबडत होती. रविवारी दादा येतोय — किती वर्षांनी राहायला येतोय — आणि त्याच्या हातात ती स्की द्यायची, काही न बोलता, नुसती द्यायची, एवढंच तर मनात होतं. तो परगावी शिकायला गेला आणि बाबांनी बोट विकली, बोटीबरोबर स्कीही गेली. सुट्टीत आल्यावर दादाने भिंतीवरची रिकामी खुंटी पाहिली आणि मुकाट्याने जेवायला बसला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो घास चावत होता आणि मी त्याच्या कानशिलाची हलणारी शीर बघत होते... तेव्हाच ठरवलं, ती स्की परत आणून द्यायची. मी ओळखीन. माझ्याइतकं त्याला पाण्यावर पाहिलंय कोणी?

खरंच नव्हतं पाहिलं. बाबा बोट चालवायचे, त्यांची नजर पुढे. दादा मागे, दोरीच्या टोकाला. आणि मधे ती — बोटीत उलट तोंड करून बसलेली, कारण स्कीवरच्या माणसावर नजर ठेवायला कुणीतरी लागतंच, तो नियमच. दादाने अंगठा वर केला की ओरडायचं, “बाबा, जोरात!” डोक्यावर हात थोपटला की, “बाबा, घरी!” पडला की हात उंच करायचा, म्हणजे दुसऱ्या बोटी दूर राहतात. मग संध्याकाळी अंगणात दादा स्कीवरची ऐट दाखवत उभा राहायचा आणि ती त्याच्यासमोर, दोरीचा तुकडा धरून, तो जसा दिसेल तशी हुबेहूब — उजवा पाय पुढे, गुडघे वाकवून, मागे रेललेली. “बिट्टी, पुढच्या वर्षी तुला शिकवतो हं.” पुढच्या वर्षी बोट नव्हती.

प्रयोगशाळेत शिरताच तिने एप्रन चढवला. प्रयोगशाळा म्हणायची, बाकी काम कवळ्यांचं: मेण, प्लास्टर आणि दात. खिडकीशी पॉलिशचं चाक चालवणारे काका तिच्याकडे बघून म्हणाले, “आज काय, स्वारी चिडलेली दिसतेय. पुन्हा फळकूट?”

“फळकूट नाही हो, स्की.”

“तेच ते. बुडत नाही ते फळकूट.”

ती हसली, पण मन लागेना. समोर वरच्या जबड्याचा साचा होता, डॉक्टरांनी उजवा सुळा बसवायला सांगितला होता. तिने साचा उचलला, दात स्वतःकडे करून धरला आणि पेन्सिलीने खूण केली. डाव्या हाताला. नेहमीसारखी, विचार न करता. समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, नवीन आलेल्यांना ती पहिल्या दिवशी हेच तर बजावते, माणूस समोर बसलाय, आरशात नाही —

पेन्सिल तशीच टेकलेली राहिली.

समोर. दादा समोर होता. पाण्यावर समोर, अंगणातही समोर, आणि मी तो दिसेल तशी... अगं बाई! अगं, सगळा जन्म दुसऱ्यांच्या जबड्यांचं डावं-उजवं सांभाळण्यात गेला आणि सख्ख्या भावाचा पाय मात्र —

ती गॅलरीत आली. दादाला फोन लावला. रविवारचा बेत फुटेल... फुटू दे.

“दादा, एक सांग. स्लालमला तुझा कुठला पाय पुढे असायचा?”

“काय? मी लाइनीत उभा आहे, बिट्टे.”

“सांग ना!”

“डावा. का गं?”

“नक्की?”

“माझा पाय, मला माहीत नसणार? डावाच. उजवा मागे. तूच उजवा पुढे टाकायचीस, मी किती हसायचो तुला. उलटी बिट्टी म्हणायचो, विसरलीस?”

विसरले होते. साफ विसरले होते. तो हसत होता, फोनमध्ये त्याचं ते जुनं खोऽखोऽ हसणं, आणि ती कठडा धरून त्याच्याबरोबर हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईतो.

मग मिस्त्रीला फोन. घंटा वाजतेय, वाजतेय... शेडमध्ये इंजिन चालू असेल, ऐकू येत नसेल. की दिली त्याने कुणाला? ठेव रे बाबा, ठेव ती, नको कशाला म्हटलं मी! पुन्हा लावला. डाव्या पायाच्या म्हणून याआधी परत केलेल्या सगळ्या आठवायला लागल्या आणि काळजात चर्र झालं — आणि त्या चर्र होण्यामागोमाग दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं, पोटातून, गुदगुल्यांसारखं.

परत केल्या त्या डाव्या. मग ठेवल्या त्या?

घरात खोलीभर लावून ठेवलेल्या, तेल देऊन, रबराला पावडर लावून, एकेकीसाठी गावोगाव भटकून आणलेल्या... सगळ्या उजव्या. दादाचा पाय एकीतही कधी बसला नसता. इतकी वर्षं मी ज्याची समजून गोळा करत होते तो पाय माझा होता. माझाच! आणि मला हवं होतं, किती हवं होतं ते, बोटीत उलट तोंडाने बसून त्याच्या प्रत्येक वळशाला मी दात आवळायचे ते काय पहारा म्हणून? वयाने पन्नाशी ओलांडली, गुडघा कुरकुरतो, नवरा कपाळावर हात मारेल. मारू दे!

फोन कानाशीच होता, घंटा वाजतच होती. तिने चपला काढून बाजूला सरकवल्या. गॅलरीच्या गार फरशीवर उजवा पाय पुढे टाकला, डावा मागे, गुडघे वाकवले आणि मोकळा हात समोर धरून हळूच मागे रेलली.

“अहो, पडाल!” काका आतून ओरडले.

दोरी ताठ झाली होती. समोर बोट होती, फेस उसळत होता, आणि बोटीत उलट तोंड करून दादा बसला होता, तिच्यावर नजर ठेवून. तिने अंगठा वर केला.