दुसऱ्या पुकारीचा रविवार

फादरांनी चष्मा सारखा केला आणि दुसऱ्यांदा नावं पुकारली: पापडीच्या थॉमसची मुलगी सालोमी, गिरीजचा जेम्स. या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्याने कळवावं, हे नेहमीचं वाक्य म्हणून ते क्षणभर थांबले. तेवढ्यात ऑगस्टीन खोकला. साधा खोकला नव्हे. बरंच काही ठाऊक असलेल्या माणसाने मान वळवून घसा साफ करावा, तसा. पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांनी पदर तोंडाला लावले. जेम्स त्या दिवशी मुद्दाम पापडीच्या देवळात आला होता, त्याच्याकडेही माना वळल्या.

ऑगस्टीन लग्नांत फिडल वाजवायचा. लोक त्याच्या वाजवण्याइतकीच त्याच्या चेष्टेची वाट बघत. सालोमीचं लग्न पूर्वी एकदा ठरून मोडलं होतं आणि त्यानंतर बरीच वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही होतं. खोकताना आठवलं नव्हतं, इतकंच.

पुढच्या रविवारी त्यांची तिसरी, शेवटची पुकार व्हायची होती. त्या दिवशी फादरांनी मात्र दुसऱ्याच एका जोडप्याची नावं वाचली आणि ते प्रवचनाकडे वळले. मागून कुणीतरी ऑगस्टीनच्या पाठीत कोपर मारून विचारलं, मोडलंस ना लग्न? विचारणारा हसत होता.

मिस्सा संपल्यावर ऑगस्टीन न जेवता गिरीजला गेला. जेम्सच्या आईला, बर्थाला, त्याने अंगणातूनच सांगितलं की मुलीत काही खोट नाही, आपण उगाच गंमत केली. बर्थाने त्याला बसवून पाणी दिलं. त्यांची काहीच तक्रार नव्हती. नावं का थांबली, हे तीच त्याला विचारत होती. परतताना त्याची पावलं झपझप पडत होती.

सालोमी परसात बांबूच्या तट्ट्यावर सुकेळीसाठी वाळत घातलेली केळी उलटत होती. त्याला पाहून तिने पाट पुढे सरकवला.

"गिरीजला जाऊन आलो, पोरी. त्यांच्या मनात काही नाही."

"नावं मीच थांबवायला सांगितली, काका."

ती लोकांच्या बोलण्याला घाबरली असावी, असं त्याला वाटलं. तो पाट जवळ ओढून बसला.

"अगं, जेम्सने तर मनावरही घेतलं नाही. घरी जाऊनसुद्धा हसत होता. तुझा चेहरा कसा झाला, ते जेवताना करून दाखवलं म्हणे त्याने. बर्थाबाई सांगत होत्या, सगळी पोट धरून हसली."

सालोमीचा हात तट्ट्यावर थांबला.

"मी तेव्हा त्याच्याकडेच बघितलं होतं," ती म्हणाली. "हसताना दिसला. आई आठवडाभर म्हणतेय, मधे एवढी माणसं, तुला नीट दिसलं नसेल. आज मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

ऑगस्टीन पाटावर मागे सरकला.

"बाबा आत्ता फादरांकडे निघालेत. पुढच्या रविवारी नावं पुकारा म्हणून सांगायला."

तिने दाराकडे वळून हाक मारली. थॉमस बाहेर आला. अंगात सणासुदीचा काळा कोट होता, केस ओले करून विंचरले होते. मुलीने नुसती नकाराची मान हलवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ऑगस्टीनकडे. ऑगस्टीन पाटावरून उठला, पण जावं की थांबावं हे त्याला कळेना.

थॉमस कोटाची बटणं सोडू लागला.