चादरीच्या गाण्यातला मुका सूर

मी एक जुना अकॉर्डियन आहे. मित्रांनो, नाव उच्चारताना जीभ अडखळत असेल तर खुशाल बाजा म्हणा. जिथे माझं आयुष्य गेलं, तिथे सगळे तेच म्हणतात. मला छातीशी अडकवायचं, एका हाताने पट्ट्या दाबायच्या, दोन्ही हातांनी भाता उघडायचा आणि मिटायचा, की मी बोलू लागतो. कुणी हात लावला नाही तर मी नुसतं ओझं आहे, हेही खरंच सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पोटातली एकेक पोलादी जीभ कानाशी धरून घासली. खोक्यात ठेवताना त्या म्हणाल्या, "नीट बोल हं." मी पुढे एका इस्पितळाच्या धुलाईघरात जाऊन पडेन, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मला तिथे आणलं बॉयलरवाल्या मामांनी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मावशी, चादरींच्या घड्या घालायच्या. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, मागे सरायचं, फट् करून झटकायची आणि पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. मावशींची जोडीदारीण त्यांची धाकटी जाऊ होती. घरी दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण चादर हातात आली की पावलाला पाऊल पडायचं. मामा स्टुलावर बसून त्या पावलांवर मला वाजवायचे. चाल त्यांची, शब्द मावशींचे. त्यांचं बघून बघून मावशीही मला वाजवायला शिकल्या होत्या.

"धर तू टोक, मी धरते टोक, मधे भरू दे वारा;
यावर निजून, बरा होऊन, घरी गेला बिचारा."

धुलाईघरात सुताचं तूस फार उडतं. एकदा ते माझ्या पोटात गेलं आणि माझा एक सूर कायमचा मुका झाला. नेमका तोच सूर प्रत्येक ओळीच्या शेवटी लागायचा. मामा हसून म्हणाले, "तो बोलत नाही ना? मग तिथे तुम्ही चादर झटका." तेव्हापासून त्या जागी माझ्याऐवजी चादर बोलू लागली. बोट सवयीने पट्टीवर पडायचं, मी गप्प राहायचो आणि फट् असा आवाज यायचा. खरं सांगतो, गाण्यात जीव आला तो तेव्हा.

मग मामा गेले. काही दिवसांनी धुलाईघराच्या मुकादमांनी भिंतीवर स्पीकर लावला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच ती पाच गाणी, जी रस्त्यावर, दुकानात, रिक्षात सगळीकडे वाजायची. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. माझा जळफळाट व्हायचा हे मात्र कबूल करतो. पण त्यांच्या ठेक्यावर चादरीची टोकं काही जुळायची नाहीत. मला कपाटात एका फुटक्या बादलीत बसवलं गेलं. तिथे मी तीन वर्षं होतो. मावशी अधूनमधून कपाट उघडून माझ्यावरची धूळ पुसायच्या आणि न वाजवताच ते परत लावायच्या.

इस्पितळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा समारंभ ठरला. प्रत्येक विभागाला पाच मिनिटं मिळणार होती. मुकादमांनी स्पीकरवरच्या गाण्यावर नाच ठरवला. कधी उलटून न बोलणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आपलं गाणं आहे की."

"आपलं म्हणजे? कुठल्या पिक्चरमधलं?"

"कुठल्याच नाही. आपलंच."

मुकादम माणूस वाईट नव्हता, पण हसला. "बघा बाई. हसं झालं ना, तर तो बाजा मोडक्या खाटांबरोबर भंगारात जाईल. मला कपाट रिकामं हवंय."

मावशींनी मान डोलावली. मामांची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू त्यांच्याजवळ उरली होती. मित्रांनो, त्या दिवशी माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आता गंमत ऐका. चार लोकांत मुका बाजा कसा न्यायचा, म्हणून धाकट्या जाऊबाईंनी मला गुपचूप दुरुस्तीवाल्या आजोबांकडे नेलं. त्यांनी चिमट्याने वाटाण्याएवढं तूस बाहेर काढलं. समारंभाच्या दिवशी ऐन वेळी जाऊबाईंनी मला मावशींच्या हातात दिलं. माझं पोट साफ झालंय, याचा त्या बापडीला पत्ताच नव्हता. जाऊबाई म्हणजे मनातल्या मनात मांडे खात होत्या.

मावशींनी पहिली ओळ म्हटली, बोट पट्टीवर पडलं आणि मी भर सभेत भोंगा काढला. मावशी दचकल्या, शब्द विसरल्या. त्या जागी चादरीऐवजी टाळी द्यायला मागे उभ्या असलेल्या बायका हात उचलून तशाच थिजल्या. सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. पहिल्या रांगेत मुकादम आपली नखं बघत बसले. मला वाटलं, संपलं.

पण चूक कुणाची, हे जाऊबाईंना कळलं होतं. व्यासपीठावर पाहुण्यांच्या टेबलावर पांढरी चादर होती, आमच्याच धुलाईतली. त्या तरातरा गेल्या, पाण्याचा तांब्या उचलून पाहुण्यांच्या हातात दिला, "धरा हो जरा" म्हणाल्या आणि चादर ओढली. एक टोक इस्त्रीवाल्या बाईला दिलं.

"मोठ्या जाऊबाई, तेवढं बोट उचला. झटकायचं माझ्याकडे लागलं."

मावशींनी बोट उचललं. मी गप्प राहिलो. मला आता बोलता येत होतं, तरी गप्प राहिलो, आणि फट्! दुसऱ्या ओळीला पुन्हा फट्. तिसऱ्या ओळीला त्या जागी टाळी आली. रोज त्याच चादरी अंथरणाऱ्या आया आणि नर्स टाळी देत होत्या. मग मागच्या रांगेतले रुग्ण देऊ लागले. 'घरी गेला बिचारा' म्हटल्यावर निळ्या कपड्यांतले एक आजोबा काठी टेकून उभे राहिले आणि त्यांच्या मागे सगळं सभागृह उभं राहिलं. पाहुणे तांब्या धरून डोलत होते. पाच मिनिटांचं गाणं लोकांनी चार वेळा म्हणायला लावलं. मावशी रडत होत्या, गात होत्या आणि एकही सूर चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगाराच्या यादीतून माझं नाव मुकादमांनी स्वतः खोडलं. आता घड्यांच्या वेळी स्पीकर बंद असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात असेल तर त्याला ओलीपासून जपा, कोरड्या फडक्याने पुसा. पण नुसतं पुसून परत ठेवू नका, वाजवा. चार लोक गातात ते गाणं तुम्ही जरूर ऐका, पण त्याच्या पायी स्वतःचं गाणं गिळून टाकू नका.

कालचीच गोष्ट. मुकादम जेवणाच्या सुट्टीत घुटमळत आले. खिशातून चुरगळलेला कागद काढला. रात्रपाळीवर त्यांनी एक गाणं रचलं होतं. चाल बेताची आणि यमक ओढूनताणून जुळवलेलं. कान लाल झाले होते त्यांचे.

मावशींनी मला छातीशी घेतलं, भाता उघडला आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणा, मुकादम. आम्ही मागून येतो."