वकीलसाहेबांच्या हॉलमधली वायर

हॉलचं खालचं, खोटं छत उतरवून ठेवलं होतं आणि वरून स्पीकरची वायर लोंबत होती. मी शिडीखाली उभा राहून तिच्याकडे बघत होतो. वकीलसाहेबांची सून दोनदा म्हणाली की काका, तेवढे स्पीकरचे बॉक्स आज हलवाल ना, उद्या रंगारी येतायत. मी दोन्ही वेळा हो म्हणालो आणि जागचा हललो नाही. भिंतीपाशी वायर जाड होती, चांगल्यातली. पण छताच्या वर, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाराच्या घंटीला वापरतात तसली बारीक वायर होती, दोन्हीकडे नुसती पिळून जोडलेली आणि वरून चिकटपट्टी.

आता वायर बघून माणूस एवढा थिजतो कशाला, असं कोणीही म्हणेल. त्यासाठी आमचा धंदा सांगायला हवा.

मी ॲम्प्लिफायर बनवतो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, स्पीकरचे बॉक्स बनवायचा. दोघांचं एकच दुकान होतं. घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांना जोडी जुळवून द्यायची, या बॉक्सला हा ॲम्प्लिफायर, एवढंच आमचं काम. लोकांना वाटतं बेस म्हणजे दणका. दणका काय, कोणीही काढतो. बेस वेळेवर थांबला पाहिजे. ठोका पडला की स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो, आणि ठोका संपला तरी तो आपला हलतच राहतो. त्याला धरून ठेवणं हे ॲम्प्लिफायरचं काम. पकड ढिली असली की एक ठोका पुढच्यात मिसळतो आणि खोलीत नुसतं घुमत राहतं. आणि मधली वायर बारीक असली, तर ॲम्प्लिफायर कितीही चांगला असो, त्याची पकड पडद्यापर्यंत पोचतच नाही. पकड आहे की नाही हे आम्ही बोटाने बघायचो. ॲम्प्लिफायर चालू ठेवायचा, गाणं बंद करायचं आणि पडद्यावर हलकी टिचकी मारायची. ‘ठप्प’ असा कोरडा आवाज आला तर पकड आहे. ‘धुम्म’ आला तर नाही. हे मला दादानेच शिकवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी साहेबांनी हे घर बांधलं तेव्हा त्यांना मोठा सेट हवा होता. दादाने नवीन घडणीचे बॉक्स केले. माझाही ॲम्प्लिफायर नवाच होता. एरवी आम्ही कोणतीही जोडी आठ दिवस दुकानात वाजवल्याशिवाय बाहेर सोडत नसू. त्या वेळी साहेबांकडे रविवारी पाहुणे यायचे होते, म्हणून घाई झाली. दादाने बॉक्स सुताराकडून परस्पर तिकडे नेले, मी ॲम्प्लिफायर घरून नेला. वायर इलेक्ट्रिशियनने छतातून आधीच टाकलेली होती, तिची टोकं भिंतीतून बाहेर आलेली. टोकं जाड दिसली, आम्ही जोडली. वायर दादाने बघून घेतली असेल असं मी धरून चाललो. मी बघितली असेल असं तो धरून चालला असणार. विचारलं कोणीच कोणाला नाही. अशी चूक नवशिक्याच्या हातून व्हायची नाही, तो घाबरून चार वेळा विचारेल.

पाहुण्यांसमोर सेट लावला आणि हॉलभर नुसती घूं घूं. दादाने गाणं थांबवून टिचकी मारली. धुम्म. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “तुझ्या ॲम्पला पकडच नाही.”

मी म्हणालो, “तुझा डबा घुमतोय.”

त्याच्या बॉक्सला कोणी डबा म्हटलेलं त्याला चालायचं नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच तो शब्द वापरला. साहेबांनी हसून बेसचं बटण शून्यावर नेलं आणि पाहुणे जेवायला उठले.

पुढच्या आठवड्यात दादाने आपली हत्यारं दुकानातून नेली. मोडेन पण वाकणार नाही, ही आमच्या घरातली जुनी खोड. त्याने बोलणं टाकलं, मीही टाकलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माझी उचलली जीभ लावली टाळ्याला. जो गिऱ्हाईक येईल त्याला मी सांगायचो, भावाचे बॉक्स नका घेऊ, घुमतात. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर लोकांना पुरावा कशाला लागतो. दोन वर्षांत त्याचे बॉक्स कोणी घेईनासं झालं. मग तो स्वयंपाकघरातली कपाटं करायला लागला. माझ्या ॲम्प्लिफायरबद्दल मात्र त्याने कुठे वाईट शब्द काढला नाही. मला वाटायचं, बोलणार कुठल्या तोंडाने.

दादा गेला त्याला आज तेवीस दिवस झाले. कुणाकडे तरी कपाट बसवत होता, छातीत दुखलं म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. मी गेलो, इतर लोकांबरोबर उभा राहिलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून सोल्डरिंगला बसलो. बायको म्हणत होती, रडून घ्या, मोकळं वाटेल. रडू आलं तर रडणार ना माणूस. आत काही हलतच नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, सगळं वेळच्या वेळी.

आणि आता ही वायर. मी पिशवीतून हातभर जाड वायर काढली, ॲम्प्लिफायर उचलून बॉक्सशेजारी आणला आणि थेट जोडला. चालू केला. टिचकी मारली. ठप्प. दुसऱ्या बॉक्सवर मारली. ठप्प. सूनबाईंनी मोबाइलवरून एक गाणं लावून दिलं. प्रत्येक ठोका पडत होता आणि जिथल्या तिथे संपत होता. ती म्हणाली, एवढं छान वाजतं होय हे, आम्ही तर बेस बंदच ठेवायचो इतकी वर्षं.

मी सेट बंद केला आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलो. माझा ॲम्प्लिफायर बरोबर होता. दादाचे बॉक्स बरोबर होते. मला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. फक्त तोंड कोरडं पडलं, म्हणून पाणी मागून घेतलं.

बॉक्स टेम्पोत चढवले आणि टेम्पोवाल्याला दुकानाऐवजी दादाच्या घरी न्यायला सांगितलं. वाटेत वाक्यं जुळवत होतो. ज्याचं नाव मी खराब केलं तो आता ऐकायला नव्हता. निदान त्याच्या बायकोला कळायला हवं होतं की आपला नवरा कामात चुकला नव्हता, खोटं मी पसरवलं होतं. मग ती काय बोलायचं ते बोलो. तिने घराबाहेर काढलं असतं तरी माझी तयारी होती.

वहिनी शिलाईच्या मशीनवर बसली होती. कुणाची तरी पँट खालून आखूड करत होती. या भावजी, म्हणाली आणि खुर्चीकडे हात केला. अकरा वर्षांत मी त्या घरात एकदाच गेलो होतो, तेवीस दिवसांपूर्वी. जुळवलेली वाक्यं काही आठवली नाहीत.

“वहिनी, वकीलसाहेबांकडची वायर खराब होती,” मी म्हणालो. “दादाचे बॉक्स बरोबर होते.”

तिने दोरा तोडला.

“हो,” ती म्हणाली. “माहीत आहे.”

मला वाटलं, तिला नीट समजलं नसेल. मी पुन्हा सांगायला लागलो तर तिनेच पुढचं सांगितलं. तिसऱ्या वर्षी साहेबांनी दादाला माळ्याचं कपाट करायला बोलावलं होतं. तो माळ्यावर चढला, तिथून छताच्या पोकळीत दिसतं, तेव्हा त्याला ती वायर दिसली. बदलायची तर अख्खं छत फोडावं लागलं असतं, आणि साहेबांना त्या सेटचं काही राहिलं नव्हतं. तो घरी आला, जेवला, आणि जेवताना हे तिला सांगितलं.

“मग मला का नाही सांगितलं त्याने?”

“तुम्ही याल म्हणायचे.” ती पँट उलटी करून बघत होती. “‘त्याला एकदा येऊन विचारू दे की दादा, वायर कुठली होती रे. एवढंच विचारू दे, मग सांगतो.’ दोनतीन वर्षं म्हणायचे. मग म्हणायचे बंद झाले.”

मी म्हणालो की मी लोकांना काय काय सांगत होतो, ते तुम्हाला ठाऊक नाही. तेही ठाऊक आहे, ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. ती चिडली असती तर मला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. मी बॉक्सचं विचारलं. इथे कुठे मावणार ते, तुमच्या दुकानातच ठेवा आणि कोणी आलं तर वाजवून दाखवा, असं म्हणाली. मी मान हलवली. त्या क्षणी मला दादाची फार आठवण आली, म्हणजे तेवीस दिवसांपूर्वीच्या माणसाची नाही, बोट धरून पडद्यावर टिचकी मारायला लावणाऱ्याची. पण तीही आली तशी गेली.

चहा टाकते म्हणून ती आत गेली. आतूनच तिने विचारलं, “दोन चमचे ना, भावजी?”

डॉक्टरांनी माझी साखर बंद करून पाच वर्षं झाली. हे तिला कोण सांगणार होतं.

“हो, दोनच,” मी म्हणालो.

तिने कप हातात दिला आणि समोर बसली. पहिल्या घोटालाच तोंड गोडमिट्ट झालं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी चहा सावकाश, तळापर्यंत प्यायलो.