झोपेतला होकार

चंपत मेश्रामनं अठ्ठावीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली, पण दिवसा झोपायचं काही त्याला साधलं नाही. नाइट शिफ्ट करून सकाळी सातला घरी यायचं, डोक्यावरून चादर ओढायची, आणि शेजारचा मिक्सर, भाजीवाल्याचा भोंगा, कुकरची शिटी यांना मनातल्या मनात शिव्या घालत पडून राहायचं. पंचावन्नी ओलांडली तसा डोळ्याला डोळा लागेनासा झाला. छातीत उगाच धडधडायचं. त्यात पोरगी पायल लग्नाची झालेली.

तेव्हा प्लांटमधल्या सोबतच्या कवडूनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. झोपेच्या गोळ्या, डॉक्टरनं कवडूच्या आईला लिहून दिलेल्या. म्हातारीला लागू पडल्या तर चंपतला का नाही पडणार, असं या दोन शहाण्यांनी परस्पर ठरवलं. आणि पडल्या हो! अर्ध्या गोळीत माणूस ओंडक्यासारखा झोपला. मग एक लागायला लागली, होळीपर्यंत दोन. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठी मागत नव्हता. बायकोनं, रुक्मानं विचारलं तर त्यानं सांगितलं, ताकदीच्या हायेत. ती बिचारी वर दूध द्यायला लागली.

एका गुरुवारी तो पाच वाजता उठला, तर घरात साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास आणि रुक्मा गुणगुणत भांडी पुसतेय. शेजारची तारा दारातूनच म्हणाली, जय भीम भाऊ, लई मोठ्या मनाचे निघाले तुम्ही. चंपतनं मान हलवली. कशाचं मोठं मन, काही कळेना.

मग रुक्मानं सगळं सांगितलं, म्हणजे त्याचंच त्याला. सकाळी अकराला कुरुदचे शामराव, त्यांची बायको आणि मुलगा अमरदीप आले होते. बोलावलं होतं रुक्मानंच, नवरा झोपलेला असतो तेव्हा चार गोष्टी निवांत बोलता येतील म्हणून. पायल आणि अमरदीपनं एकमेकांना पसंत करून वर्ष झालं होतं आणि चंपत वर्षभर नाही म्हणत होता. कारण एकच. पोरगा हथखोजला प्रायव्हेट कारखान्यात होता, आणि जावई पाहिजे तर परमनंट, प्लांटचा नाहीतर रेल्वेचा, हा चंपतचा हेका. तर हा गडी आज लुंगीवरच बाहेर आला, दोन प्लेट शिरा खाल्ला, शामरावांचा हात धरून रडला, पोरगी तुमची म्हणाला, आणि बुद्धपौर्णिमेची तारीखही धरून मोकळा झाला.

चंपतच्या पायाखालची जमीन सरकली. यातलं काही म्हणजे काहीच त्याला आठवत नव्हतं. आधी त्याला राग आला, की हे बायकांचं कारस्थान आहे. ओरडायला तोंड उघडणार तोच पायल आत आली आणि तिनं दार लोटलं. जिचं लग्न ठरलं त्या पोरीचे डोळे रडून सुजलेले होते.

"बाबा, अमरदीप जाता जाता म्हणे, हा होकार मी धरत नाई."

"कावून?"

"तुमची जीभ जड होती. डोळे फिरून राहिले होते. म्हणे, बाबा कोणती तरी गोळी खाऊन राहिले. आज रात्री त्यायले क्रेनवर जाऊ देऊ नको, लग्नाचं मंग पाहू."

 क्रेन! वितळल्या पोलादानं भरलेलं लेडल, ते अजस्र भांडं, घेऊन चंपत रोज खाली काम करणाऱ्या पोरांच्या डोक्यांवरून जायचा. गोळीची गुंगी ड्यूटीतही उतरत नसेल, तर आज पहाटे चारनंतर काय काय उचललं, ते तो आठवू लागला. आठवेना. सकाळच्या होकाराला दोन प्लेट शिऱ्याची तरी साक्ष होती, पहाटेच्या कामाला कोणाची?  खाली कोणी मेलं नव्हतं, हे आपलं नशीब, आपलं काम नव्हे, एवढं त्याला स्वच्छ कळलं. आणि हेही कळलं, की वर्षभर हाकललेल्या पोरानं हातात आलेला होकार सोडून आधी त्याची काळजी केली होती. चंपतला लाज वाटली. लाजेच्या पोटात कुठंतरी आनंदही झाला, आणि त्याचा त्याला रागही आला.

त्यानं इनचार्ज साहेबांना फोन लावला. आज मी वर चढत नाही, गोळ्या खाऊन राहिलो, असं खरं सांगून टाकलं. अठ्ठावीस वर्षांत फोन एवढा जड कधी लागला नव्हता. मग रुक्माला ताकदीच्या गोळ्यांचं खरं सांगितलं, आणि तिनं जी हजेरी घेतली ती ताराला भिंतीपलीकडं शब्द न् शब्द ऐकू गेली.

शुक्रवारी रुक्मा त्याला आणि कवडूला, दोघांनाही डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण दोघांना शाळेतल्या पोरांसारखं उभं केलं. दुसऱ्याच्या आईची गोळी आपली नसते, म्हणाल्या. आणि आता घाबरून एकदम बंदही करायची नाही, त्यानं जास्त त्रास होतो; मी सांगीन तशी हळूहळू कमी करायची. धडधडीचीही तपासणी केली. प्लांटनं त्याला काही महिने खाली जमिनीवर, दिवसाच्या ड्यूटीला लावलं. येता-जाता क्रेनकडं मात्र मान वर करून पाहायचा.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी त्यानं कुरुदवाल्यांना स्वतः फोन करून बोलावलं. शामराव जरा अवघडूनच बसले. अमरदीप दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर. पायलनं पाणी आणलं आणि ती तिथंच उभी राहिली. चंपतचे डोळे लालभडक, दाढी केलेली, शर्टाची इस्त्री कडक.

"झोप झाली काय भाऊ?" शामरावांनी जपून विचारलं.

"नाई झाली. गोळी कमी केली तं रातभर टक्क जागा होतो, म्हणूनच तं आज बोलावलं. आता इचारा."

शामरावांनी रीतसर विचारलं. चंपतनं बापाकडं नाही, पोराकडं पाहून हो म्हटलं. मग कोणाला शंका राहू नये म्हणून उभा राहून पुन्हा एकदा म्हटलं, आणि पायल हसता हसता रडायला लागली.