महिपतीच्या तिपाईचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी, फणसाच्या लाकडाची तिपाई आहे. हमरापूरच्या महिपती मूर्तिकाराच्या खाटेला लागून मी बसलेली असते. माझे आखूड पाय बघून हसू नका. जन्मतः ते असे नव्हते. ते कापले गेले, आणि ज्याने ते कापायला लावले त्याच्यावर मी सूड उगवला. तोच ऐका.

रोह्याच्या मोरू सुताराने मला घडवले. महिपतीचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते आणि रोहा ही त्याची सासुरवाडी. त्याच्या मूर्तींच्या कारखान्याची जमीन शाडू सांडून उंचसखल झालेली, चार पायांचे स्टूल तिथे डुगडुगायचे, म्हणून त्याने मुद्दाम तीन पायांची मागितली. तीन पाय कुठेही ठेवा, टेकतातच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे घरातले सगळे ते विसरले.

मग कितीतरी वर्षे मोठ्या मूर्तींचे डोळे त्याने माझ्यावर उभे राहून काढले. माती, रंग कुणीही करो, डोळ्यांची आखणी फक्त महिपतीची. "हिच्यावर चढलो का हात कापत नाय," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी फुलून जायचे.

हळूहळू वय झाले. एक डोळा काढून झाला की दुसरा तसाच ठेवून हा मोरीकडे धावायचा, आणि तिथून लवकर यायचा नाही. शेवटी त्याची बायको मालू त्याला हट्टाने पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हातारपणी पुष्कळ पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, तशी याचीही वाढली होती. लघवीची वाट सैल करणारी गोळी मिळाली. मालू घरी येऊन एकसारखी बजावत होती, "रोज त्याच एका जेवणानंतर घ्यायची. हिच्यानं चक्कर येते, म्हणून उठताना आधी बसायचं, मग उभं राह्याचं. मधीच सुटली तर डॉक्टरला इचारल्याबिगर परत सुरू करायची नाय. आन् दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं गेलात तरी सांगायचं."

महिपतीला मात्र त्या दुखण्याची लाज वाटली. सुजयला, म्हणजे मुलाला, त्याने ती पित्ताची गोळी म्हणून सांगितली आणि मालूला गप्प राहायची शपथ घातली.

बरे वाटू लागताच पठ्ठ्याने गोळी सोडून दिली. ऐन गणपतीच्या हंगामात त्रास उलटला. एका सकाळी त्याने ब्रशांच्या डब्यात लपवलेली गोळी काढली आणि उपाशीपोटी गिळली. पहिल्या मोठ्या मूर्तीचे डोळे उघडल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही, हा त्याचा जुना नेम. ऊन चढले तरी पोट रिकामेच. उकिडवा बसून तो मूर्तीपुढचा उंदीर रंगवत होता. तिथून ताडकन उठला, माझ्यावर चढला, मान वर केली आणि कोसळला. खांदा निखळला.

मी जागची हललेसुद्धा नव्हते.

"तिपाई डुगडुगली!" तो ओरडला. "काप तिचे पाय!" सुजयने करवत आणली. कुणी एका शब्दाने विचारले नाही. माझ्या पायांचे तुकडे चुलीत गेले आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याजवळ.

कोंबड्या अंगावर घाण करायच्या आणि मी मनात एकच घोकायचे, मेल्या, तू पुन्हा पडशील, आणि तेव्हा दोष द्यायला मी जवळ नसेन. एकदा भिंतीपलीकडे तो खाटेवरून उठताना धडपडला. मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू?

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. देवाचे डोळे काढणाऱ्यालाच दिसेना. रोह्याला ऑपरेशन ठरले, आणि त्याआधी तिथल्या नर्सबाईंचा फोन आला. महिपती परसात खुर्चीवर होता. मालू माझ्यावर बसून कोंबड्यांना कणी टाकत होती. सुजयने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आजोबा, कुठली औषधं चालू आहेत?"

"काय नाय. पित्ताची गोळी, बस."

मालूचा हात थांबला. "खोटं सांगतायत, बाई! लघवीची गोळी हाय. कधी घेतात, कधी सोडतात."

"बरं झालं सांगितलंत," नर्सबाई म्हणाल्या. "त्या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही. डॉक्टरांना माहीत नसेल तर डोळ्याला इजा होऊ शकते. माहीत असेल तर ते तयारीनं करतात. आता मात्र मनानं बंद करू नका, आणि आधी कधी सोडली तेही सांगा."

"शपथ मोडलीस गो!" म्हणत महिपती खुर्चीतून ताडकन उठून तरातरा तिच्याकडे निघाला. दोन पावलांतच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो झोकांड्या खाऊ लागला. मालूने उठून मला चटकन त्याच्या मागे सरकवले. तो दाणकन बसला तो माझ्यावरच, माझ्या कापलेल्या पायांवर. मी तेव्हाही हलले नाही.

सुजय बघतच राहिला. "बाबा, त्या दिवशी पण अशीच चक्कर आल्ती ना?"

"तीन पायांची वस्तू डुगडुगते व्हय?" मालू कडाडली. "स्वतःचा डोळा गेला असता म्हंजे देवाला डोळे कुठून दिले असते?"

महिपतीने मान खाली घातली. "चक्करच व्हती," तो म्हणाला. एवढे ऐकण्यासाठी मी खुराड्याजवळ उन्हापावसात तग धरला होता.

ऑपरेशन नीट झाले. आता गोळी जेवणानंतरच असते. उठताना तो आधी खाटेच्या कडेला बसतो, माझ्यावर पाय टेकवतो, डोके थाऱ्यावर आले की मगच उभा राहतो. उंचावर चढायला मालू त्याला देत नाही. मोठ्या मूर्तींचे डोळे सुजय काढतो, लोखंडी शिडीवरून. महिपती खाली माझ्यावर बसून घरगुती गणपती आखतो आणि मधूनमधून वर बघतो. बघू दे. माझी उंची घेणाऱ्याची उंचीही गेली, हाच माझा सूड.

परवा त्याने माझ्या तुटक्या पायांवरून हात फिरवला. मी त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी असे लाजणारे आजोबा असतील. ते पडले तर त्यांना उचला, आणि कोणती गोळी घेतली, कधी घेतली, जेवले होते का, ते विचारा. डॉक्टरांपासून काही लपवू देऊ नका. माझे पाय चुलीत जळाले, ते परत येणार नाहीत. तुम्ही तरी आधी विचारा आणि मग करवत उचला.