कोपऱ्यातला अंगठा

"बाबांनी रंगवलीय ही भिंत," जावई म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर चापट मारून दाखवली. "कोरडी ठणठणीत आहे. हात लावून बघ ना तूच."

माझी मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. तिने हात लावला नाही. "मला वास येतो," एवढंच म्हणाली.

"मला येत नाही. बाबांनाही येत नाही."

मला येत नव्हता हे खरं, पण मला काय येणार, कपाळ. पस्तीस वर्षं टर्पेंटाइन हुंगून माझं नाक कधीच कामातून गेलंय. दूध करपलं तरी बायको ओरडेपर्यंत मला पत्ता नसतो. जावयांचा भरवसा माझ्या हातावर होता. आणि हाताचं म्हणाल तर मी चांगला रंगारी आहे, उगाच विनय दाखवायची मला सवय नाही. माझ्या भिंतीवर दिवा तिरका धरून बघा, ब्रशचा एक केस दिसला तर सांगा. काम संपलं की खालच्या कोपऱ्यात, फरशीपासून चार बोटं वर, मी ओल्या रंगात अंगठा टेकवतो. लोक पाहुण्यांना वाकून तो दाखवतात. या भिंतीवरही तो होता, कपाटामागे.

मुलगी शाळेत गणित शिकवते. लहानपणी रस्त्यातल्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज करत चालायची. दोन वर्षांपासून तिचं बिनसलं होतं. आधी सर्दी हटेना, मग सांधे धरले, मग इतका थकवा की जिना चढताना मध्येच बसायची. पुढे विसरायला लागली. एकदा फळ्यापुढे खडू धरून उभी राहिली आणि अर्धवट सोडवलेलं गणित पुढे कसं न्यायचं तेच आठवेना. तपासण्या सगळ्या ठीक. जो तो शहाणपण पाजळून गेला, मनाला लावून घेऊ नकोस म्हणाला. मुख्याध्यापिकाबाईंनी गोड बोलून सांगितलं, या सत्रात झेपलं नाही तर वर्ग दुसऱ्यांकडे देऊ.

गेल्या महिन्यात जावई कामासाठी बाहेरगावी होते, तेव्हा ती दहा दिवस आमच्याकडे राहिली. पाचव्या दिवशी बोलत बोलत जिना चढून वर आली. घरी परतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. गणिताचीच बाई ती. तिने वहीत तारखा मांडल्या, कुठे झोपले, सकाळी कशी उठले. डॉक्टरीणबाईंनी ती वही पहिल्या पानापासून वाचली. "या आजाराला नाव काय द्यायचं यावर आमच्यातच एकमत नाही," त्या म्हणाल्या. "पण ओल आणि बुरशी काही माणसांना फार छळते. आधी घर बघा."

म्हणून आम्ही तिघं घर बघत होतो. कपाट ओढून बाजूला केलं, तर मागे माझी गुळगुळीत भिंत.

"मी खोटं बोलते का?" मुलीने नवऱ्याला विचारलं.

"खोटं नाही गं. पण मनाचे खेळ असू शकतात. काहीतरी दिसायला तर हवं ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण राहिलो. कारण मला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा या भिंतीला पोपडे आले होते. पलीकडे न्हाणीघर, त्याचा पाइप झिरपत होता. प्लंबरने सांधा आवळला आणि म्हणाला, भिंत महिनाभर उघडी ठेवा, वाळू द्या. सामान चार दिवसांनी यायचं होतं. परक्याचं घर असतं तर मी थांबा म्हटलं असतं. मुलीचं होतं म्हणून घाई केली. पहिल्याच दिवशी तिला खोली झकास दिसायला हवी होती. पोपडे खरवडले, खळग्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, ऑइलपेंटचे तीन हात दिले आणि कपाट लावून टाकलं. ऑइलपेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती आतल्या आत पसरते आणि फरशीच्या फटीतून खोलीत येते. हे मी शिकाऊ पोरांनाही सांगतो. आता माझ्याच सफाईपुढे माझी पोरगी खोटी पडत होती.

"जावईबापू, माझ्या पिशवीतली छिन्नी द्या."

"कशाला?"

"ती खरं बोलतेय. भिंत खोटी आहे, आणि मी केलीय."

मग मी सगळं सांगितलं, पाइपापासून कपाटापर्यंत.

"दोन वर्षं, बाबा," शेवटी ती म्हणाली. "मला वाटलं, मला वेड लागतंय."

"हो," मी म्हटलं.

तिला आमच्या घरी पाठवलं. आम्ही दोघांनी खोलीचं दार लावलं, खिडक्या उघडल्या, नाकातोंडाला फडकी बांधली. चौथ्या घावाला रंगाचा थर साय निघावी तसा सुटला. मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळं, केसाळ काहीतरी वाढलं होतं. जावई दोन पावलं मागे सरले. फडकं दाबून धरत म्हणाले, "वास." बाहेर जाऊन त्यांनी तिला फोन लावला आणि सांगितलं, वास मलाही आला.

विटांपर्यंत सगळा गिलावा काढला, पाइप नवा घातला आणि भिंत दोन महिने उघडी ठेवली. मग साधा गिलावा केला, तो वाळू दिला आणि वर चुना दिला. चुन्याला ऑइलपेंटची चमक नाही, पण भिंतीला श्वास घेता येतो.

वर्ग तिच्याकडेच राहिला. थकते अजून. मुलांची नावं कागदावर लिहून टेबलावर ठेवते, पूर्वी पन्नास नावं तोंडपाठ असायची. ते परत येईल का, याला डॉक्टरीणबाई छातीठोक हो म्हणत नाहीत.

चुना वाळला त्या दिवशी ती कोपऱ्यात वाकून बघत होती. "बाबा, अंगठा विसरलात."

"विसरलो नाही. तू वर्षभर इथे झोप. मग सांग, टेकवू की नको."

वर्ष व्हायला अजून चार महिने आहेत. कपाट दुसऱ्या भिंतीला हलवलंय. दर रविवारी मी जातो, गुडघे टेकून त्या कोपऱ्याला तळहात लावतो, आणि तिच्या वहीत तारीख घालून लिहितो, कोरडा.